जुनी पिकअप गरम होतेय? हेड खोलायच्या आधी हे किट वापरा – कूलिंग प्रेशर टेस्टरचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, किट चांगलंय, जुनी गाडी स्वतः सांभाळणाऱ्या माणसाने घ्यावंच असं माझं स्पष्ट मत आहे, पाचपैकी चार स्टार. एक स्टार कुठे कापला ते पुढे येईलच. पण हे किट काय सांगतं आणि काय सांगत नाही हे डोक्यात पक्कं नसेल तर घेऊन उपयोग नाही, कारण इंजिन गरम होण्याची कारणं दोन जातीची असतात. एक म्हणजे सिस्टीममध्ये पाणी आणि प्रेशर टिकत नाही, आणि दुसरी म्हणजे पाणी आहे, प्रेशरही आहे, पण इंजिनातली उष्णता रेडिएटरमधून बाहेर हवेत जात नाही. प्रेशर टेस्टर पहिल्या प्रश्नाचं उत्तर अगदी चोख देतो, दुसऱ्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. बरेच लोक पेटी उघडतात, पंप मारतात, काटा टिकला की म्हणतात "सगळं ओके आहे" आणि गाडी तरी गरम होतच राहते, मग किटला शिव्या घालतात. दोष किटचा नसतो.

गाडीबद्दल थोडक्यात. जुनी डिझेल पिकअप, ब्लॉक बीडाचा, हेड (ब्लॉकवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग) ॲल्युमिनियमचं, पंखा बेल्टवर फिरणारा आणि मध्ये व्हिस्कस क्लच, म्हणजे गरम झालं की आतल्या सिलिकॉन ऑइलच्या जोरावर पंख्याला धरणारा क्लच. लक्षणं अशी की रिकामी गाडी सपाट रस्त्यावर मस्त चालायची, माल भरून चढ लागला की टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागायचा, थांबून बॉनेट उघडलं की कूलंटची बाटली काठोकाठ भरलेली आणि गाडी पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरचं झाकण काढलं तर आत लेव्हल खाली गेलेली. गॅरेजमध्ये दाखवली तर बॉनेटमध्ये एक नजर टाकून उत्तर मिळालं, "हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवावं लागेल, फेसिंग करावं लागेल", म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग गेलंय आणि हेडची खालची बाजू घासून सपाट करावी लागेल. कसलीही टेस्ट नाही. असेलही गेलं, जुन्या गाडीत काहीही होऊ शकतं, पण हेड उतरवणं म्हणजे मोठं काम आहे आणि ते अंदाजाने करायचं काम नाही. म्हणून हे किट मागवलं, सोबत ज्वलनाचा गॅस तपासायचा निळ्या पाण्याचा ब्लॉक टेस्टर आणि लांबून तापमान मोजायची इन्फ्रारेड गन पण घेतली. रिव्ह्यू मुख्यतः प्रेशर टेस्टरचा आहे पण बाकीच्या दोघांशिवाय तो अर्धवट राहतो.

पेटीत एक हातपंप येतो ज्याच्यावर गेज बसवलेलं आहे, एक होज, रेडिएटरच्या तोंडावर बसणारे वेगवेगळ्या मापाचे अडॅप्टर, आणि एक वेगळा तुकडा ज्याच्यावर झाकण बसवून नुसतं झाकण तपासता येतं. हा शेवटचा तुकडा लोक पेटीतच ठेवतात, बाहेर काढतच नाहीत, आणि माझ्या मते सगळ्या किटमधली सगळ्यात कामाची वस्तू तीच आहे.

का ते सांगतो. रेडिएटरचं झाकण म्हणजे नुसतं झाकण नाही, त्यात दोन व्हॉल्व असतात. मोठा स्प्रिंगवाला व्हॉल्व ठरलेल्या प्रेशरपर्यंत सिस्टीम बंद ठेवतो, झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो तो बारमध्ये, म्हणजे साधारण १३ आणि १६ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच). आणि मध्यभागी एक छोटा व्हॉल्व असतो तो गाडी थंड होताना बाटलीतलं कूलंट परत रेडिएटरमध्ये ओढून घेऊ देतो. आता प्रेशरचं महत्त्व काय, तर दर एक पीएसआयला पाण्याचा उत्कलनबिंदू दीड-पावणेदोन डिग्रीने वर जातो. साधं पाणी उघड्यावर १०० डिग्रीला उकळतं, १५ पीएसआयखाली तेच १२० च्या आसपास जातं, आणि अर्धं ग्लायकॉल अर्धं पाणी असं मिश्रण असेल तर १२९ च्या जवळपास. म्हणजे झाकण प्रेशर धरत नसेल तर लोडवर हेडच्या आतल्या सगळ्यात तापलेल्या जागी कूलंट उकळायला लागतं, वाफ होते, वाफ कूलंटला ढकलून बाटलीत पाठवते, बाटली भरते, रेडिएटर रिकामा होतो. आणि छोटा व्हॉल्व अडकलेला असेल किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी कुठे चिरलेली असेल तर थंड झाल्यावर ते कूलंट परतच येत नाही, त्याऐवजी हवा आत ओढली जाते. बघा, बाटली भरलेली, रेडिएटर कमी, चढावर गरम, ही सगळी लक्षणं हेड गॅस्केट गेल्याचीच वाटतात की नाही? तिथेच लोक फसतात.

माझ्या गाडीचं झाकण १.१ चं. अडॅप्टरवर बसवलं, त्याआधी झाकणाचं रबर पाण्याने ओलं केलं कारण कोरडं रबर नीट बसत नाही आणि चांगलं झाकणही खोटं नापास होतं, मग हळूहळू पंप मारला. चांगलं झाकण छापलेल्या आकड्याच्या आसपास जाऊन सुटायला पाहिजे आणि त्याच्या जरा खाली काटा धरून ठेवायला पाहिजे. इथे काटा अर्ध्यावर पण पोचला नाही, तिथेच फुस्स, दुसरा स्ट्रोक मारला तरी तिथेच फुस्स. झाकण उलटं करून बघितलं तर रबराच्या वॉशरवर रेडिएटरच्या कडेचा गोल खोल ठसा पडलेला, आणि एका बाजूला रबर काचेसारखं कडक होऊन बारीक तडकलेलं, नख लावलं तर तुकडा निघाला. वरून मात्र झाकण चकचकीत. नुसत्या डोळ्यांनी हे कळत नाही, म्हणून किट पाहिजे.

नवं झाकण घेताना जुन्यावरचाच आकडा बघून घ्या. काही जण गरम होतेय म्हणून जास्त प्रेशरचं झाकण बसवतात, ते अजिबात करू नका, जुन्या होज आणि हीटरची जाळी आधी फुटते.

झाकण सापडलं म्हणून तिथेच थांबायचं नसतं, ही चूक बरेच जण करतात. कारण अर्धवट प्रेशरवर वर्षानुवर्षं चाललेल्या गाडीला नवं घट्ट झाकण लावलं की जे लिकेज आत्तापर्यंत दबून होतं ते सगळं बाहेर येतं. म्हणून पुढची पायरी पूर्ण सिस्टीमची. गाडी पूर्ण थंड पाहिजे, हे नियम म्हणून पाळा, गरम गाडीचं झाकण काढणं म्हणजे तोंडावर उकळतं कूलंट घेणं, फडकं टाकून हळू उघडतो वगैरे काही सांगू नका मला. थंड गाडीत लेव्हल भरून घ्यायची, अडॅप्टर बसवायचा, झाकणावर जो आकडा आहे तिथपर्यंत पंप मारायचा, त्याच्या वर नाही, आणि दहा-पंधरा मिनिटं सोडून द्यायचं. काटा हलला नाही तर उत्तम. पडायला लागला तर टॉर्च घेऊन शोधायला लागायचं.

थंड गाडीतच टेस्ट करायची याला अजून एक कारण आहे. गरम इंजिनमधलं कूलंट थंड होत जातं तसं प्रेशर आपोआप पडतं, आणि माणूस लिकेज शोधत बसतो जे मुळात नाहीये. दुसरं असं की धातू थंड असताना आकसलेला असतो, होजच्या क्लिपपाशी आणि गॅस्केटपाशी बारीक फटी उघड्या असतात, त्या इंजिन तापलं की मिटतात. उलटही होतं, काही लिकेज फक्त गरम झाल्यावर उघडतात, म्हणून थंडमध्ये पास झाली तरी एकदा इंजिन कोमट करून परत बघावं.

माझ्याकडे काटा पडत होता, झपकन नाही, अगदी सावकाश, मिनिटाला केसभर. खाली जमीन कोरडी. होज हाताने दाबून बघितले, क्लिपा बघितल्या, रेडिएटरची टाकी आणि जाळीचा जोड बघितला, ब्लॉकच्या बाजूला कोअर प्लग असतात ते पत्र्याच्या वाट्यांसारखे गोल, ते जुन्या गाडीत आतून गंजून झिरपतात ते बघितले, हीटरचे दोन पाइप केबिनमध्ये जातात तिथे आत पायाशी हात फिरवून ओल बघितली. काही नाही. शेवटी छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन वॉटर पंपाखाली बघितलं. वॉटर पंपाच्या बॉडीला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की कूलंट बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावं म्हणून मुद्दाम ठेवलेलं. त्या भोकापासून खाली वाळलेल्या कूलंटचा फिकट रंगाचा खरपुडा धरलेला होता, आणि प्रेशर लावून ठेवल्यामुळे त्या खरपुड्याच्या टोकाला एक थेंब तयार होत होता, फुगत होता, आणि खाली पडायच्या आधीच बॉडीवरून ओघळून जात होता. चालू गाडीत हा थेंब गरम धातूवर पडून उडून जातो म्हणून जमीन कायम कोरडी. हे गाडी चालू असताना कुणालाही दिसलं नसतं, कारण पट्टा आणि पंखा समोर फिरत असतो आणि तिथे डोकं घालायची सोय नाही. प्रेशर टेस्टरचा खरा फायदा हाच, इंजिन बंद, सगळं थंड, हात कुठेही घालता येतो आणि सिस्टीमला मात्र वाटतंय की आपण चढावर आहोत.

आता समजा काटा पडतोय आणि बाहेर कुठेही ओल नाही, मग शंका आतली. डिपस्टिकवर किंवा ऑइलच्या झाकणाखाली कॉफीच्या रंगाचा फेस दिसतो का बघा, पण लक्षात ठेवा की फक्त छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत झाकणाखाली थोडा फेस दमटपणामुळे पण येतो, डिपस्टिकवर असेल तर मात्र गंभीर. सायलेन्सरमधून गाडी तापल्यावरही थांबत नसलेला पांढरा धूर, त्याला गोडसर वास. पेट्रोल गाडीत रात्रभर प्रेशर ठेवून सकाळी स्पार्क प्लग काढून नुसता स्टार्टर मारला तर ज्या सिलिंडरमध्ये कूलंट झिरपलंय त्यातून फवारा उडतो, समोर उभं राहू नका. डिझेलमध्ये ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढावे लागतात, काम जास्त आहे पण आत पाणी असेल तर त्या अवस्थेत स्टार्ट करून कनेक्टिंग रॉड वाकवण्यापेक्षा परवडलं.

हेड गॅस्केटची अजून एक टेस्ट याच किटने होते. सकाळी एकदम थंड इंजिन, अडॅप्टर बसवलेला, पंप फारसा मारायचा नाही, आणि गाडी स्टार्ट करायची. कूलंट अजून तापलेलंच नाहीये तरी गेजचा काटा भराभर वर जायला लागला किंवा इंजिनच्या ठोक्याबरोबर थरथरायला लागला तर तो सिलिंडरमधला गॅस आहे, दुसरं काही असू शकत नाही. पण इथे मोठी सावधगिरी, आणि किटच्या कागदावर ही गोष्ट अगदी बारीक अक्षरात आहे म्हणून मी ठळकपणे सांगतोय: टेस्टर बसवलाय म्हणजे झाकण काढलेलं आहे, म्हणजे जास्तीचं प्रेशर सोडणारा व्हॉल्वच जागेवर नाही. त्यामुळे नजर गेजवरून हलवायची नाही, झाकणाच्या आकड्यापाशी काटा आला की लगेच इंजिन बंद, आणि पंपावरच्या रिलीजने प्रेशर सोडायचं. इंजिन चालू ठेवून फोन घ्यायला वगैरे जायचं नाही.

ब्लॉक टेस्टर म्हणजे पारदर्शक नळी, त्यात निळं द्रव, वरती रबरी फुगा. रेडिएटरच्या तोंडावर ठेवून तिथली हवा द्रवातून ओढायची, त्यात ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड असेल तर रंग बदलतो, पेट्रोलला पिवळा, डिझेलला हिरवटाकडे. द्रव ताजं आहे का हे बघायचं असेल तर त्यात आपला श्वास सोडून बघा, रंग बदलायला पाहिजे. लेव्हल आधी काही सेंटिमीटर खाली घ्या कारण कूलंटचा थेंब जरी नळीत आला तरी द्रव वाया जातं. डिझेलवाल्यांसाठी एक गोष्ट, आयडलिंगला डिझेल इंजिन खूप जास्तीची हवा ओढतं त्यामुळे गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड कमी असतो, आणि बारीक लिकेज कित्येकदा लोडवरच उघडतं. म्हणून हिरवं झालं तर खात्री धरा, पण एकदा निळं राहिलं म्हणून गॅस्केट ठणठणीत आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, दोन-तीन वेगवेगळ्या वेळी करून बघा. माझं प्रत्येक वेळी निळंच राहिलं, थंड स्टार्टला काटाही उडाला नाही, त्यामुळे हेडला हात लावला नाही. झाकण नवीन, वॉटर पंप नवीन, पट्टा पण बदलला कारण तो आतून गुळगुळीत होऊन चकाकत होता, कूलंट डिस्टिल्ड वॉटरबरोबर अर्धं-अर्धं भरलं.

चढावरचं गरम होणं थांबलं. पण मग संथ ट्रॅफिकमध्ये, बंपर टू बंपर चालताना काटा परत थोडा वर जातोय असं दिसलं, आणि इथे प्रेशर टेस्टरची हद्द संपते. सिस्टीम प्रेशर पूर्ण धरतेय, तरी गरम, म्हणजे प्रश्न दुसऱ्या जातीचा. याचा एक सोपा नियम आहे जो जवळजवळ कायम लागू पडतो: हळू चालताना किंवा उभ्या गाडीत गरम होते आणि वेग पकडला की उतरते, तर हवा कमी पडतेय, पंखा, क्लच, पंख्याभोवतीचा घेर (शेड), नाहीतर जाळीत अडकलेला कचरा. वेगात किंवा लोडवर गरम होते आणि हळू केली की उतरते, तर पाणी कमी फिरतंय, रेडिएटरच्या नळ्या क्षाराने बुजलेल्या, पंपाचं इंपेलर (पाणी ढकलणारं चक्र) खाल्लेलं, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडचा रस्ता उघडणारा व्हॉल्व) अर्धवट उघडतोय, किंवा खालचा होज ओढीने चपटा होतोय. खालचा होज पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो म्हणून त्यात कित्येक गाड्यांना आत स्प्रिंग असते, ती गंजून गेली की रेस वाढवल्यावर होज आत ओढला जातो, हे डोळ्यांनी दिसतं.

इन्फ्रारेड गन इथे कामाला येते पण ती सरळ धातूवर धरली तर खोटं बोलते. चकचकीत ॲल्युमिनियमवर खऱ्यापेक्षा बरंच कमी तापमान दाखवते, कारण चमकणारा धातू स्वतःची उष्णता नीट फेकत नाही आणि आजूबाजूचीच परावर्तित करतो. थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर काळ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवायचा आणि जवळून त्याच्यावर मोजायचं, फरक बघून थक्क व्हाल. मग वरच्या होजपाशी रेडिएटरची टाकी, खालच्या होजपाशी टाकी, दोन्हीकडचं मोजायचं. इंजिन गरम असताना दोन्हींमध्ये जेमतेम फरक असेल तर पाणी फिरतंय पण हवा उष्णता नेत नाहीये. फरक खूपच मोठा असेल तर पाणी फार सावकाश फिरतंय. आणि रेडिएटरच्या जाळीवरून गन हळूहळू फिरवली आणि मध्येच एखादा पट्टा आजूबाजूपेक्षा थंड लागला तर तिथल्या नळ्या बुजलेल्या आहेत.

माझ्याकडे फरक जेमतेम होता. पंख्याचा क्लच थंड इंजिनमध्ये हाताने फिरवला तर थोडा अडखळत फिरायला पाहिजे, हा मोकळा गरागरा फिरत होता, आणि मध्यभागी जी गुंडाळलेली पट्टी असते तिच्याभोवती सिलिकॉन ऑइलचे तेलकट फराटे बाहेरच्या दिशेला गेलेले, त्यावर धूळ चिकटलेली. तेल गेलं की क्लच गरम होऊनही धरत नाही, पंखा नुसता तोंडदेखला फिरतो. हे तपासताना इंजिन बंदच पाहिजे. चालू पंख्यात कागद घालून थांबतो का बघणारे लोक असतात, तसलं काही करू नका.

शेड, म्हणजे पंख्याभोवतीचा प्लास्टिकचा घेर, जुन्या पिकअपमध्ये कुणीतरी कधीतरी काढून टाकलेला असतो "काम करायला अडतो" म्हणून. तो नसेल तर पंखा रेडिएटरच्या फक्त समोरच्या गोलातूनच हवा ओढतो, कोपरे फुकट. शोधून बसवा.

आणि थर्मोस्टॅट. याबद्दल मला मनापासून राग आहे. जुनी गाडी गरम झाली की पहिलं काम काय तर थर्मोस्टॅट काढून फेकणे. कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की त्याची खालची चकती बायपासचा रस्ता बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. तो काढलात की बायपास कायमचा उघडा, पाण्याचा एक मोठा हिस्सा रेडिएटरला न जाता इंजिनातच घिरट्या घालतो आणि लोडवर गाडी उलट जास्त तापते. वर रोजच्या चालण्यात इंजिन योग्य तापमानाला येत नाही, डिझेल जास्त पितं, झीज वाढते. थर्मोस्टॅट तपासणं किती सोपं आहे, भांड्यात पाणी घ्या, तो दोऱ्याने तळाला टेकणार नाही असा लटकवा, थर्मामीटर सोडा आणि तापवा. त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो, त्याच्या आसपास उघडायला सुरुवात झाली पाहिजे आणि त्याच्या वर दहा-पंधरा डिग्रीत पूर्ण उघडला पाहिजे. बसवताना छोटी हलणारी पिन असेल तर ती वरच्या बाजूला, हवा तिथून निघते. हवा अडकली तर सगळ्या टेस्ट पास होऊनही गाडी गरम होते, म्हणून कूलंट भरताना पुढची बाजू उंच ठेवा, हीटर फुल गरमवर ठेवा. काटा वर असताना हीटरमधून थंड हवा यायला लागली तर समजायचं लेव्हल कमी आहे नाहीतर एअर लॉक आहे.

डॅशबोर्डच्या काट्यावर आंधळा विश्वास नको. सेन्सरची वायर कुठे बॉडीला घासत असेल तर इंजिन थंड असताना काटा लाल भागात जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे कूलंट इतकं कमी झालं की सेन्सर पाण्याबाहेर राहिला तर इंजिन जळत असताना काटा खाली येतो. वर चढलेला काटा अचानक पडला तर हायसं वाटून घेऊ नका, गाडी बाजूला घ्या. टेपवर गन धरून काटा आणि खरं तापमान एकदा जुळवून ठेवा.

आता किटच्या तक्रारी. गेज ३५ पीएसआयपर्यंतचं आहे आणि आपलं सगळं काम १६ च्या आत, म्हणजे अर्ध्याहून जास्त डायल फुकट आणि जिथे बघायचंय तिथे रेघा दाटीवाटीने. केसभर पडणारा काटा ओळखायला मी काचेवर स्केचपेनने खूण करून ठेवतो. होजचा झटपट कपलर सुरुवातीपासूनच किंचित हवा सोडत होता, आतली ओ-रिंग बदलल्यावर नीट झाला, पण ज्याला हे माहीत नाही तो स्वतःच्या गाडीत लिकेज शोधत बसेल. म्हणून गाडीला लावायच्या आधी किटचीच टेस्ट करा, झाकणाच्या तुकड्यावर चांगलं नवं झाकण बसवून झाकणाच्या आकड्यापेक्षा कमीवर प्रेशर धरतंय का बघा. अडॅप्टर भरपूर दिलेत पण बहुतेक हल्लीच्या चुडीच्या (आटे असलेल्या) झाकणांसाठी, जुन्या दोन खाचांच्या तोंडासाठी मोजकेच, आणि त्यातही खोल तोंड आणि उथळ तोंड असे दोन प्रकार असतात हे कुठेही लिहिलेलं नाही. मला बसला तो थोडा जोर लावून बसला. हा कापलेला एक स्टार. पंप मात्र दणकट आहे, रिलीज बटण हाताला बरोबर येतं, पेटीत प्रत्येक तुकड्याला जागा आहे.

ऑर्डर करायच्या आधी आपल्या रेडिएटरच्या तोंडाचा आतला व्यास आणि वरच्या कडेपासून आत जिथे झाकणाचं रबर टेकतं तिथपर्यंतची खोली स्केलने मोजून ठेवा, ते माप विक्रेत्याला विचारा, नुसतं "सगळ्या गाड्यांना बसतं" यावर जाऊ नका. वापर झाल्यावर होजमधलं कूलंट झटकून, साध्या पाण्याने धुऊन वाळवून ठेवा नाहीतर गेजच्या तोंडाशी क्षार धरतो. निळं द्रव घट्ट बूच लावून अंधारात, आणि एकदा वापरलेलं परत बाटलीत ओतायचं नाही. टेस्ट करताना काढलेलं कूलंट उघड्या भांड्यात ठेवून जाऊ नका, इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि कुत्रामांजर ते चाटतात, थोडंसंही त्यांच्या जिवावर उठतं.